दोन अक्षरांची आज्ञा

बोटाच्या दोन पेरांएवढी एक चपटी पट्टी आजकाल घरोघरीं टेबलाच्या खणांत किल्ल्या, सुटीं नाणीं आणि संपलेलीं पेनें यांच्या संगतींत पडलेली आढळते. तिला पेन ड्राइव्ह म्हणतात. घरांतील मुलगा ती संगणकास लावतो, पडद्यावर तिचें चित्र उमटतें, छायाचित्रें इकडून तिकडे ओढून नेलीं जातात, आणि काम संपतें. परंतु त्याच घरांतील एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी ती पट्टी लावून काळ्या पडद्यावर एक ओळ टंकित करतो. ओळीच्या आरंभीं 'डीडी' अशीं दोनच अक्षरें असतात. कळ दाबल्यावर बराच वेळ पडद्यावर कांहींच हालचाल दिसत नाहीं. मग केव्हां तरी काम पुरें होतें, आणि त्या पट्टींत एक संपूर्ण संगणक-प्रणाली उतरलेली असते; ती लावून बंद पडलेला संगणकहि पुष्कळदां पुन्हां उठवितां येतो. मात्र त्या ओळींतील एक अक्षर चुकलें, तर पट्टी जशीच्या तशी राहते आणि विद्यार्थी ज्या संगणकापुढें बसला आहे त्याच संगणकांतील वर्षानुवर्षांचा संग्रह पुसला जाऊं लागतो. संगणक एका शब्दानेंहि विचारीत नाहीं, कीं बाबा रे, हें तुला खरोखरच करावयाचें आहे काय?

इतकी आज्ञाधारक आणि इतकी निर्दय अशी ही आज्ञा आली कोठून? ती पेन ड्राइव्हसाठीं निर्माण झालेली नाहीं. पेन ड्राइव्ह बाजारांत आला २००० सालीं. आज्ञा १९७४ ची आहे, आणि तिचें कुळ शोधूं गेल्यास तें आणखी दहा वर्षें मागें जातें.

आयबीएम कंपनीनें १९६४ च्या एप्रिलांत 'सिस्टिम ३६०' नांवाची संगणकांची मालिका जाहीर केली. त्या काळीं संगणक म्हणजे एक भलें मोठें दालन. त्याच्यासमोर बसून त्याच्याशीं व्यवहार करण्याची मुभा सामान्यतः कोणास नसे. आपलें काम छिद्रें पाडलेल्या जाड कागदाच्या पत्रांवर उतरवावयाचें, पत्रांचा गठ्ठा खिडकींत द्यावयाचा, आणि निकालाची वाट पाहात बसावयाचें, अशी ती कचेरीची रीत होती. त्या गठ्ठ्यांतील कांहीं पत्रांवर 'डीडी' हीं अक्षरें असत. त्यांचा अर्थ 'डेटा डेफिनिशन', म्हणजे सामग्रीची ओळख: अमुक नांवाची सामग्री, अमुक फितीवर अथवा तबकडीवर, एवढ्या एवढ्या मापाच्या तुकड्यांत आहे. एखादा स्वल्पविराम भलत्या जागीं पडला तरी सबंध काम परत येई. त्या भाषेवर प्रेम करणारा माणूस विरळाच.

इकडे न्यू जर्सी संस्थानांतील मरे हिल येथें बेल टेलिफोनची प्रयोगशाळा होती. 'मल्टिक्स' नांवाच्या एका अतिविशाल योजनेंतून ती १९६९ सालीं बाहेर पडली. तेथील केन थॉम्पसन यांनीं, डेनिस रिची प्रभृति सहकाऱ्यांच्या साहाय्यानें, अडगळींत पडलेल्या एका लहानशा पीडीपी-७ यंत्रावर आपल्यापुरती एक साधी प्रणाली उभारावयास घेतली. हीच पुढें 'युनिक्स' या नांवानें प्रसिद्धीस आली. तेथें खिडकी नव्हती आणि पत्रांचा गठ्ठाहि नव्हता. टंकयंत्रासारख्या यंत्रावर माणसानें एक ओळ लिहावी, संगणकानें तात्काळ ती अमलांत आणावी, असा समोरासमोरचा व्यवहार होता. परंतु तें टंकयंत्र सेकंदास अवघीं दहा अक्षरें कागदावर छापी. म्हणून आज्ञांचीं नांवें होतील तितकीं तोकडीं ठेवण्यांत आलीं: यादीसाठीं 'एलएस', नकलेसाठीं 'सीपी', पुसण्यासाठीं 'आरएम'. ही काटकसर कोठें कोठें हास्यास्पदहि झाली. नवी फाइल निर्माण करण्याच्या क्रियेस 'क्रिएट' या इंग्रजी शब्दांतील शेवटचा 'ई' गाळून नांव दिलें गेलें. प्रणाली पुन्हां लिहावयाची झाल्यास काय बदलाल, असें पुढें थॉम्पसन यांना विचारलें असतां, तो 'ई' परत घालीन, असें उत्तर त्यांनीं दिल्याचें प्रसिद्ध आहे.

याच काटकसरींतून दुसरीहि एक चाल पडली. काम यथास्थित पार पडलें तर संगणकानें मौन पाळावें. बोलावयाचें तें तक्रार असेल तरच. जुन्या काळच्या घरगड्यांत असे अबोल गडी असत, आणि मालकाची मोठी मर्जी त्यांच्यावर असे. पण अबोल गड्यास चुकीचें काम सांगितलें तर तेंहि तो तितक्याच मुकाट्यानें करून मोकळा होई, हें मालकाच्या ध्यानीं उशिरां येई.

युनिक्सचें खरें वैशिष्ट्य मात्र नांवांच्या तोकडेपणांत नव्हतें. संगणकास जोडलेली प्रत्येक वस्तु, मग ती चुंबकीय फीत असो, तबकडी असो कीं खुद्द टंकयंत्र असो, एखाद्या फाइलीसारखीच दिसावी असें तेथें ठरविण्यांत आलें. 'डेव्ह' नांवाच्या कप्प्यांत त्या प्रत्येक वस्तूचें एक नांव असे. फाइलींत लिहावें तसें त्या नांवावर लिहिलें, कीं अक्षरें सरळ त्या यंत्रांत जाऊन पडत. निरनिराळ्या यंत्रांसाठीं निरनिराळे मंत्र पाठ करण्याचें कारणच उरलें नाहीं. थॉम्पसन आणि रिची यांनीं १९७४ च्या जुलैंत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आपल्या सामग्रीचें वर्णन केलें आहे. तींत काढतां-घालतां येणाऱ्या तबकड्या आहेत, प्रत्येकीची सांठवण अडीच दशलक्ष बाइट, म्हणजे आजच्या एका बऱ्याशा छायाचित्राएवढी. अशी तबकडी यंत्रांत बसवावयाची आणि मग 'माउंट' या आज्ञेनें तिच्यांतील फाइलींची शाखा मुख्य वृक्षावर कलम करावयाची. आजचा पेन ड्राइव्ह लावतांना पडद्याआड हीच 'माउंट' आज्ञा चालते. काढतांना मात्र 'अनमाउंट' असें न लिहितां 'यूमाउंट' असें लिहावें लागतें. त्यांतील पहिला 'एन' जो त्या काळीं हरवला तो अद्याप कोणास सांपडलेला नाहीं.

त्याच १९७४ सालच्या पांचव्या आवृत्तींत 'डीडी' प्रथम दिसते. बाहेरचें जग त्या वेळीं आयबीएमच्या फितींनीं भरलेलें होतें, आणि आयबीएमची अक्षरांची सांकेतिक लिपि निराळी होती. मोठ्या 'ए' या अक्षरास तेथें १९३ हा आंकडा, तर युनिक्समध्यें वापरल्या जाणाऱ्या 'आस्की' पद्धतींत ६५. परक्या फितीवरील मजकूर घ्यावयाचा, त्याची लिपि बदलावयाची, तुकड्यांचें माप बदलावयाचें आणि तो दुसरीकडे टाकावयाचा, असें दुभाषाचें काम या आज्ञेकडे होतें. तिचें नांव आयबीएमच्या त्या पत्रांवरूनच घेतलें गेलें, आणि बोलण्याची ढबहि त्याच कचेरीची ठेवण्यांत आली. 'आयएफ' बरोबर अमुक, म्हणजे कोठून घ्यावयाचें. 'ओएफ' बरोबर तमुक, म्हणजे कोठें टाकावयाचें. 'बीएस' बरोबर इतकें, म्हणजे घांस केवढा घ्यावयाचा. युनिक्सच्या इतर कोणत्याहि आज्ञेचें रूप असें नाहीं. ही मुद्दाम केलेली थट्टा असावी, असा जाणकारांत समज आहे, आणि तो खोटा मानण्याचें कारण दिसत नाहीं. फिती गेल्या, आयबीएमचीं छिद्रित पत्रें गेलीं, थट्टा तेवढी उरली.

आज्ञा एकेक करून लिहिण्याऐवजीं त्यांची यादीच करून ठेवावी आणि संगणकास ती ओळीनें वाचावयास लावावी, ही कल्पना युनिक्सहून जुनी आहे. लुई पूझँ या फ्रेंच तंत्रज्ञानें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत असतांना, १९६५ पूर्वीं, 'रनकॉम' नांवाचें असें साधन केलें होतें; आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमास 'शेल', म्हणजे कवच, हें नांवहि त्यांचेंच. १९७३ सालीं डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून थॉम्पसन यांनीं एका आज्ञेच्या तोंडून निघालेला मजकूर दुसरीच्या तोंडीं देणारी नळी बसविली, आणि १९७९ सालीं स्टीव्हन बोर्न यांच्या शेलमुळें या याद्यांस पुरत्या भाषेचें स्वरूप आलें. अशा यादीस आज 'स्क्रिप्ट' म्हणतात. तींत 'असें असेल तर हें कर', 'इतके वेळां कर' असेंहि लिहितां येतें. एकदां केलेली चूकहि मग इतकेच वेळां होते.

सर्व यंत्रें फाइलीसारखीं दिसावींत या युक्तीचा पहिला मोठा तडाखा ज्यांना बसला त्यांत एक नांव जगप्रसिद्ध आहे. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स हा विद्यार्थी युनिक्सच्या धर्तीवर स्वतःची प्रणाली रचीत होता. तिचें काम तो 'मिनिक्स' नांवाच्या दुसऱ्या प्रणालीवर बसून करी. एके दिवशीं विश्वविद्यालयाच्या संगणकाशीं टेलिफोनवरून संबंध जोडण्यासाठीं त्यानें आज्ञा दिली. परंतु टेलिफोनच्या यंत्राच्या नांवाऐवजीं तिच्यांत आपल्याच तबकडीचें नांव पडलें. संगणकानें टेलिफोन करण्याचा मजकूर इमानेंइतबारें तबकडीवर लिहून टाकला, आणि मिनिक्स असलेला भाग निकामी झाला. आतां मिनिक्स पुन्हां बसवावें, कीं आपलीच अर्धवट प्रणाली तिच्यावरच काम करतां येईल इतकी पुरी करावी, असा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला. त्यानें दुसरा मार्ग पत्करला. ती प्रणाली म्हणजेच 'लिनक्स'. एका चुकीच्या नांवामुळें एवढें बरें झाल्याचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण. बहुतेकांच्या वांट्यास नुसता पश्चात्तापच येतो.

आतां पट्टीची गोष्ट. तिच्या पोटांतील स्मृति ही जपानांतील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांची कल्पना. त्यांनीं ती १९८४ सालीं विद्वानांपुढें मांडली. वीज गेली तरी ही स्मृति शाबूत राहते, आणि पुसतांना मोठा भाग एकदम पुसला जातो. छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी ही क्रिया असल्यामुळें तिला 'फ्लॅश' हें नांव एका सहकाऱ्यानें सुचविलें. पाटीवरील एकच अक्षर बोटानें पुसावें असें येथें चालत नाहीं. तेवढा सगळा कप्पा पुसून पुन्हां लिहावा लागतो. पुसण्या-लिहिण्याच्या फेऱ्यांनाहि मर्यादा असते. म्हणून पट्टींतील एक चिमुकला नियंत्रक मजकूर दर वेळीं निरनिराळ्या कप्प्यांत फिरवीत राहतो. हा नियंत्रक स्वतःच एक लहानसा संगणक आहे, हें पुढें उपयोगीं पडेल.

पट्टी संगणकास जोडणारी 'युनिव्हर्सल सीरियल बस', म्हणजेच यूएसबी, ही सात कंपन्यांनीं मिळून ठरविलेली व्यवस्था १९९६ च्या जानेवारींत जाहीर झाली. तिच्या रचनाकारांत इंटेल कंपनींतील अजय भट्ट हे प्रमुख. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे पदवीधर. तेव्हां गायकवाडांच्या त्या नगरीचें थोडें ऋण जगांतील प्रत्येक संगणकावर आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. ही जोडणी उलटी घातली तर बसत नाहीं, याबद्दल लोकांनीं त्यांना पुष्कळ बोल लावले. दोन्ही बाजूंनीं बसणारी केली असती तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असें त्यांचें सांगणें आहे. २००० सालीं सिंगापूरच्या ट्रेक कंपनीनें आणि इस्राएलच्या एम-सिस्टिम्स कंपनीनें अशा पट्ट्या बाजारांत आणल्या. एम-सिस्टिम्सची पट्टी आयबीएमनें वर्षाअखेर अमेरिकेंत विकावयास घेतली. तिची सांठवण ८ मेगाबाइट, म्हणजे त्या वेळच्या फ्लॉपीच्या पांचपट. दोन अक्षरांच्या आज्ञेचें जन्मनांव जिच्या पत्रांवरून आलें तीच ही आयबीएम, हा योगायोग मौजेचा आहे.

लिनक्समध्यें यूएसबीची नीट व्यवस्था २००१ च्या जानेवारींतील २.४ या आवृत्तीपासून झाली. पट्टी ही 'स्कझी' जातीची तबकडीच आहे असें तेथें मानण्यांत आलें, आणि त्या जातीच्या रिवाजाप्रमाणें तिला 'एसडीए', 'एसडीबी' अशीं नांवें मिळूं लागलीं. घरगुती संगणकांतील मुख्य तबकडीचें नांव त्या वेळीं बहुधा 'एचडीए' असे. घरची कोणती आणि पाहुणी कोणती, हें नांवावरूनच कळे. पुढें कांहीं वर्षांनीं तबकड्यांची व्यवस्था बदलली आणि घरच्या तबकड्याहि 'एसडी' कुळांत आल्या. तेव्हांपासून घरची 'एसडीए' आणि पाहुणी 'एसडीबी', एवढाच काय तो भेद राहिला. शिवाय शेवटचें अक्षर पक्कें नसतें. ज्या क्रमानें वस्तु ओळखल्या गेल्या त्या क्रमानें तें मिळतें. काल जी 'बी' होती ती आज 'सी' असूं शकते. 'डीडी'चा विस्तार 'डिस्क डिस्ट्रॉयर', म्हणजे तबकडीची संहारकर्ती, असा लोक करूं लागले तो उगीच नव्हे. अलीकडे 'एनव्हीएमई' जातीच्या नव्या तबकड्यांना पुन्हां निराळें नांव मिळाल्यानें हा धोका पुष्कळ संगणकांवर आपोआप कमी झाला आहे. तें कोणाच्या दूरदृष्टीमुळें झालें असें मात्र नाहीं.

तरीहि लोक ही आज्ञा सोडीत नाहींत. 'सीपी' फाइलींची नक्कल करते. 'डीडी'नें सबंध तबकडीची, तिच्या कोऱ्या जागांसकट, अक्षरशः प्रतिकृति करतां येते, असें कारण सांगितलें जातें. वस्तुतः लिनक्समध्यें प्रणालीची प्रत साध्या 'सीपी'नें पट्टीच्या नांवावर टाकली तरी तेंच काम होतें, कारण पट्टी ही फाइलच आहे. पण रूढि ही रूढि. मौनाचीहि तीच गत. आपण किती काम केलें हें काम चालू असतां एकसारखें सांगत राहण्याची सोय लिनक्सबरोबर येणाऱ्या 'डीडी'स २०१५ सालीं मिळाली. म्हणजे जन्मल्यापासून एक्केचाळीस वर्षांनीं तिला वाचा फुटली.

काम संपलें असें तिनें सांगितलें तरी पट्टी उपटणें शहाणपणाचें नाहीं. संगणक मजकूर आधीं आपल्या जलद स्मृतींत ठेवतो आणि सवडीनें पट्टीवर उतरवितो. ती उतरण पुरी करून घेणारी 'सिंक' ही आज्ञाहि जुन्या युनिक्समधली. त्या काळचे वृद्ध सेवक ती तीन वेळां, तीन निरनिराळ्या ओळींवर लिहीत. संध्येंतील आचमनासारखा हा प्रकार दिसतो, परंतु त्यांत अर्थ होता: दुसरी आणि तिसरी ओळ लिहीपर्यंत जो वेळ जाई तेवढ्यांत तबकडीचें काम उरके. पुढें तिन्ही आज्ञा एकाच ओळींत लिहिणारे निघाले, आणि आचमन तेवढें राहून पाणी नाहींसें झालें.

केंब्रिज येथील एका संस्थेनें २०१२ सालीं मुलांच्या शिक्षणासाठीं 'रास्पबेरी पाय' हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक विक्रीस काढला. त्याची प्रणाली एका चिमुकल्या कार्डावर असे, आणि तें कार्ड यूएसबीच्या खोबणींतून दुसऱ्या संगणकास लावून लिहावें लागे. लिनक्सवर त्यासाठीं जी ओळ सांगितली जाई ती याच आज्ञेची. वर्गांतील तीस कार्डें लिहावयाचीं तर गुरुजी स्क्रिप्ट करणार हें उघड आहे. जो सावध असतो तो स्क्रिप्टच्या आरंभीं 'एलएसबीएलके' या आज्ञेनें जोडलेल्या वस्तूंची यादी मागवितो, तींतील सांठवणीचें माप पाहतो, आणि माप बत्तीस गिगाबाइटांहून मोठें दिसल्यास पुढें पाऊल टाकूं नये असें लिहून ठेवतो. म्हणजे आज्ञा जो प्रश्न विचारीत नाहीं तो माणूस स्वतःच आधीं लिहून ठेवतो. २०२० सालीं त्या संस्थेनें चित्रांचें साधन दिलें, आणि मुलांच्या मागची ही धास्ती गेली.

येथवर आज्ञा देणारा माणूस होता आणि पट्टी ही आज्ञा झेलणारी. पण पट्टीनेंहि आज्ञा द्यावी अशी वेळ आली. सीडी घालतांच तिच्यांतील कार्यक्रम आपोआप सुरू व्हावा, यासाठीं 'विंडोज ९५' मध्यें एक सोय होती: सीडीवरील एका ठराविक नांवाच्या लहानशा फाइलींत काय चालवावयाचें तें लिहिलेलें असे. या सोयीचा फायदा पुढें पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या विषाणूंनीं घेतला. झेरॉक्सच्या दुकानांतून छापील कागदांबरोबर ही भेटहि घरीं घेऊन आल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. २००८ सालीं मध्यपूर्वेंतील एका तळावर अमेरिकन सैन्याच्या संगणकास लावलेल्या अशाच एका पट्टींतून एक विषाणु त्यांच्या गुप्त जाळ्यांतहि शिरला, आणि कांहीं काळ त्या सैन्यांत पेन ड्राइव्ह वापरण्यासच बंदी झाली. पुढें विंडोजच्या नव्या आवृत्तींत, आणि २०११ च्या फेब्रुवारीपासून जुन्या आवृत्त्यांतहि, पट्टीपुरती ही सोय काढून घेण्यांत आली.

मराठी राज्याच्या दप्तरांत सरकारी पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. शिक्का पाहून पत्र कोणाचें तें कळे, आणि मोर्तबाखालीं कोणास एक ओळहि वाढवितां येत नसे. संगणकाच्या काळ्या पडद्यावर अशी व्यवस्था नाहीं. त्याला फक्त कळा दाबल्या गेल्याचें कळतें. बोट कोणाचें तें कळत नाहीं. २०१४ च्या ऑगस्टांत कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनीं लास व्हेगास येथील परिषदेंत याचा प्रत्यय दाखविला. पट्टींतील त्या चिमुकल्या नियंत्रकाचा कार्यक्रम त्यांनीं बदलला. संगणकास लावतांच पट्टी सांगे, कीं मी पेन ड्राइव्ह नव्हे, कळफलक आहें. आणि मग ती भराभर आज्ञा टंकित करूं लागे. पट्टींतील फाइली तपासून हें कपट उघडकीस येत नाहीं, कारण तें फाइलींत नसतेंच.

यावर उपाय सुचविणें सोपें वाटतें: नवा कळफलक स्वीकारण्यापूर्वीं संगणकानें मालकास विचारावें. कांहीं प्रणालींत तशी योजना करतां येते. पण घरगुती संगणकास जोडलेला एकुलता एक कळफलक बिघडला, त्याच्या जागीं नवा आणून लावला, आणि 'हा स्वीकारावा काय?' असें संगणकानें विचारलें, तर मालकानें 'होय' हें उत्तर लिहावयाचें कशानें?